खिशातली मिरची

नाना दिव्याच्या दुकानात जाताना खिशात एक वाळलेली लाल मिरची आणि एक हिरवं पान घेऊन जात. स्वयंपाकघरातला साधा बल्ब घ्यायचा असला तरी शेठने तो लावून दाखवायचा आणि नानांनी त्याखाली मिरची धरायची, हे ठरलेलं. "नाना, लोके वॉट इचारतस, तुम्ही मिरची काढतस!" शेठ वैतागून म्हणत. नाना मिरचीवरून नजर न काढता म्हणत, "दुसरा लाव."

त्यांचं अर्धं आयुष्य नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळत घालतात त्या मोकळ्या मैदानावर, रंग पारखण्यात गेलं होतं. ऊन कललं की नाना सौदा बंद करत. "दिवाना उजेडमा मी मिरची दखस नही," एवढं म्हणून उठत. समोरचा व्यापारी कितीही हातापाया पडला तरी पुन्हा बसत नसत.

बायको गेल्यावर कोरीट गावचं शेत बटाईने देऊन ते मुलाकडे, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. शेतात बटाईदाराने पपई लावली. नानांकडे उरली राख घातलेली एक बाटली. त्यात बायकोने दरवर्षी धरलेलं घरच्या मिरचीचं बी होतं. जुनं झालेलं ते बी नानांनी सगळंच्या सगळं पेरलं, तेव्हा कुठे सात रोपं आली. गॅलरीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, ऊन नावाला नाही. मुलाने घरात दिव्यावर रोपं वाढवायचा, आतून चंदेरी अस्तर असलेला एक तंबू मागवला आणि नानांच्या खोलीत कपाटाशेजारी उभा केला. आता दिवा हवा होता.

इथे मी पुढे झालो. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, आणि शिकवणाऱ्या माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही. मी वाचून, आकडेमोड करून जांभळ्या उजेडाचा एक एलईडी दिवा मागवला. तो लावला तेव्हा नानांनी सवयीने मिरची आणि पान तंबूत धरलं.

"मास्तर, आठे ते पान काळंच दिखस."

"नाना, झाडाला हवा तो लाल आणि निळा उजेड यात आहे. आपल्याला काय दिसतं याच्याशी झाडाला काय करायचंय?"

फळ्यावर शिकवावं तसं मी त्यांना सगळं समजावलं. नाना शिकलेल्या माणसापुढे वाद घालत नसत. त्यांनी मिरची खिशात ठेवली.

तीन आठवड्यांनी त्यांना राहवलं नाही. एक कुंडी उचलून त्यांनी जिन्याच्या खिडकीत आणली आणि मला हाक मारली. पान पिवळं पडलं होतं, मागच्या बाजूला बारीक कीड होती. जांभळ्या उजेडात यातलं काहीच दिसलं नव्हतं. सातातली पाच रोपं गेली. मला फार वाईट वाटलं, आणि ते मी बोलूनही दाखवलं.

नाना म्हणाले, "तुम्हना दिवा झाडले बरा व्हई, मास्तर. पन माले पान दिखाले पाहिजे. दिखनं नही ते मी राखू कसं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही शेठकडे गेलो. नानांनी एकेका दिव्याखाली मिरची आणि पान धरलं. चौथ्या दिव्याखाली मिरची लाल दिसली, पान हिरवं दिसलं. "हाऊ दे," नाना म्हणाले. तो पांढरा दिवा होता. मी आकडेमोड न करता तो बांधून घेतला.

उरलेल्या दोन रोपांपैकी एक पुढे वाळलं. दुसऱ्याला फुलं आली. तंबूत वारा नाही, म्हणून नाना रोज सकाळी फुलांना बोटाने हलकी टिचकी मारत. शेवटी एकच मिरची धरली. बियांसाठी राखलेल्या फळाला त्यांची बायको दोरा बांधायची, तसा नानांनी तिच्या देठाला लाल दोरा बांधला.

ती पिकू लागली आणि नानांना दम्याने दवाखान्यात न्यावं लागलं. घरचे सगळे तिकडे होते. किल्ली माझ्याकडे होती, झाडही माझ्याकडे. दुपारी नानांचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"लाल व्हयनी का?"

"झाली, नाना."

"दिवामा दखी का उजेडमा?"

मी कुंडी जिन्याच्या खिडकीत नेली. देठाजवळ अजून हिरवी कड होती. तसं सांगितलं.

"मंग आठ दिन तोडू नका. बी कच्चं ऱ्हाई."

सहाव्या दिवशी नाना गेले. घरात माणसं भरली होती. त्या गर्दीत कुणी तंबू हलवू नये म्हणून मी खोलीच्या दाराशी उभा राहिलो. आठव्या दिवशी कुंडी खिडकीत नेली, मिरची देठापर्यंत लाल झालेली पाहिली आणि मग तोडली. बी सावलीत वाळवून त्याच बाटलीत, राखेत ठेवलं.

त्या पाच रोपांबद्दल नानांनी मला माफ केलं की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. पण बायकोच्या मिरचीचे शेवटचे आठ दिवस त्यांनी माझ्या डोळ्यांवर सोडले होते. मला तेवढं पुरतं.