मामांनी धरलेली वऱ्हाडाची शीव

वऱ्हाड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे साऱ्या जगात एकाच माणसाला नक्की ठाऊक आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. अमरावतीच्या कोर्टात उभा जन्म शेतांच्या धुऱ्यांचे, म्हणजे बांधांचे, खटले लढवल्यावर मामांनी निवृत्तीनंतर प्रांताचाच धुरा हाती घेतला. पूर्वेला वर्धा नदी, पश्चिमेला मलकापूर. मध्ये वऱ्हाड आणि बाहेर सगळा परदेश. मुंबईच्या गाडीत मलकापूर यायच्या आत डबा संपलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक. एकदा अकोला सुटताच त्यांनी माझ्यापुढे वांग्याची भाजी उघडली. भूक नव्हती, म्हणून मी भुसावळला जेवू म्हणालो. "तिथं खानदेश लागते," मामा म्हणाले. "परमुलखात काहून जेवता, जवाईबापू?" दर्यापूरचे त्यांचे साडू नागपूरही वऱ्हाडात धरतात, म्हणून मामा त्यांच्याशी फक्त दिवाळीला बोलतात.

आणि अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने लग्न ठरवले ते आर्वीच्या मुलाशी! आर्वी नदीपलीकडे. मुलगा गुणी, घर चांगले, नाही म्हणायला जागाच नव्हती. आठवडाभराने मामा म्हणाले, "लगन होऊन जाऊ द्या. पन सीमांतपूजन सीमेवरच होईन."

नवऱ्या मुलाचे पाय धुऊन त्याचे स्वागत करायचे ते हल्ली मंगल कार्यालयाच्या दारात उरकतात. मामांनी ते वर्धेच्या पुलावर मांडले. भर दुपारी पाट, तांब्या, घामाघूम भटजी आणि दोन्हीकडून हॉर्न वाजवणारे ट्रक. व्याही हसत म्हणाले, "अवो, आमी बी वऱ्हाडीच आहो! आमच्या घरी बी वांग्याच्या भाजीसंगं रोडगेच होतात."

"रोडग्यानं प्रांत बदलत नाई," मामा म्हणाले आणि पावलांनी पूल मोजून त्यांनी बरोबर मध्यावर पाट ठेवला. जावयाचे पाय मात्र त्यांनी इतक्या मायेने धुतले की भटजींचे मंत्र संपले तरी त्यांचे पुसणे चाललेच होते.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या गाडीमागे मामा आणि मी पुलापर्यंत गेलो. मुलगी खिडकीतून हात हलवत पलीकडे गेली. मामा कठड्याला धरून बराच वेळ खाली पाहत राहिले.

"घोट्याएवढं तर पानी आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "आर्वी तशी आपलीच म्हना ना, जवाईबापू?"

वऱ्हाडाबद्दल मामांनी त्याआधी कुणाला काही विचारल्याचे मला आठवत नाही. मी हो म्हणालो आणि त्यांचा हात धरून गाडीकडे घेऊन आलो.