दत्तोपंतांची दोन रिळे

दत्तोपंत पांढरीपांडे हे वर्ध्यास नगरपालिकेच्या शाळेत भूगोल शिकवीत आणि माझ्या साप्ताहिकात चित्रपटांची परीक्षणे लिहीत. प्रत्येक चित्रपट ते दोनदा पाहत: एकदा पुढच्या बाकावर, एकदा मागच्या खुर्चीत. या नियमाचे मूळ एका चुकीत होते. १९५१ साली एका चित्रपटाविषयी त्यांनी लिहिले की, यातील नायकास आधी फाशी होते व नंतर त्याचे लग्न लागते. कथेस शेंडाबुडखा नाही. मीही ते विनातक्रार छापले. पुढे उलगडा झाला की, टॉकीजचा ऑपरेटर मोतीलाल याने त्या दिवशी रिळे मागेपुढे लावली होती. दत्तोपंतांनी पुढील अंकात दिलगिरी व्यक्त केली. मोतीलालचे नाव मात्र येऊ दिले नाही. तेव्हापासून मोतीलाल त्यांना देवासारखे मानी.

१९५६च्या चैत्रात त्यांच्या घशात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी आशा ठेवू नका, असे स्पष्ट सांगितले. फोटो स्टुडिओवाले पुंडलिकराव यांच्यापाशी चलच्चित्रे घेण्याचा लहान कॅमेरा होता. "पंतांवर एक माहितीपट करू," ते म्हणाले. दत्तोपंतांनी एकच अट घातली: "आजारही घ्या. वगळाल तर परीक्षणात वाभाडे काढीन."

पहिले रीळ त्याच महिन्यात झाले, तेव्हा ते सायकल चालवू शकत होते. दुसरे मार्गशीर्षात. तोवर आवाज गेला होता आणि ते पाटीवर लिहून बोलत.

त्यांच्या पत्नी सुमतीबाईंना हे दुसरे रीळ मान्य नव्हते. कन्या लीना समुद्रपुरास सासरी होती, ओली बाळंतीण. तिला येणे शक्य नव्हते. तिला हा माहितीपट मागाहून दाखवायचा होता.

"भाऊजी, पोरीले बापाचं शेवटचं काय दिसन? ही खाट?" त्यांनी मला विचारले. "कापून टाका ते."

दत्तोपंतांनी पाटीवर लिहिले, "खोटे चित्र नको." यावर उभयतांत दोन दिवस अबोला होता.

पौषातल्या एका दुपारी पंतांच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावून, भिंतीवर धुतलेले धोतर ताणून आम्ही तो माहितीपट पाहावयास बसलो. यंत्र मोतीलालने आणले होते. दिवा लागला आणि धोतरावर खाट उमटली. मग औषधाची बाटली, चमच्याने दूध पाजणारा सुमतीबाईंचा हात, काडीसारखे मनगट.

"मोतीलाल, थांब. क्रम चुकला," मी उठून म्हणालो.

दत्तोपंतांनी माझी बाही धरून मला खाली बसविले.

ते रीळ संपले. मोतीलालने उरलेले चढविले. आता पंत धोतराचा सोगा खोचून सायकलवर बसले, दांडीला छत्री अडकविली, आणि सेवाग्रामच्या रस्त्याने निघाले. वळणापाशी त्यांनी मागे वळून हात केला. मग नुसता पांढरा प्रकाश राहिला.

"मास्तर, मले एक डाव माफ केलं तुमी," मोतीलाल म्हणाला. "आता कोन्तं तोंड दाखवू?"

"तेच दाखव, दुसरं आहे काय तुझ्यापाशी?" पुंडलिकराव म्हणाले.

सुमतीबाई अजून धोतराकडेच पाहत होत्या. "खाटेवरून उठून गेल्यासारखे वाटले हे," त्या हळूच म्हणाल्या. "असंच दाखवा लीनाले."

दत्तोपंतांनी खुणेने पाटी मागितली व लिहिले, "काही वगळलेले नाही. क्रम हाच ठेवावा. या वेळी दिलगिरी नको." पाटी सुमतीबाईंपुढे धरून त्यांनी दोन बोटे वर केली. नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा पाहणे बाकी होते. सुमतीबाईंनी आपला पाट सोडून त्यांच्या खाटेवरच, उशाशी जागा घेतली.

परीक्षण अकरा ओळींचे झाले. ते छापून आल्यावर नवव्या दिवशी दत्तोपंत गेले.

समुद्रपुरास लीनाकडे रिळांचे डबे पाठविण्यापूर्वी मी ते टेबलावर घेतले. पुंडलिकरावांनी घातलेले आकडे काळजीपूर्वक खोडले, आणि खाटेच्या डब्यावर एक व सायकलच्या डब्यावर दोन असे ठळक अक्षरांत लिहिले.