सायकल स्टँडच्या जागी हिरवळ

मित्रहो, कार्बन कमी करायचा म्हणून आमच्या कंपनीने सायकल स्टँड पाडून तिथे हिरवळ लावली. संस्कृत येतं या अपराधाबद्दल हिरवळीच्या फलकावरचं सुभाषित मला रचावं लागलं.

स्टोअरमधल्या मेश्रामताई सेक्टर सहामधून रोज सायकलने येत. आज स्कूटरवर दिसल्या.

"ताई, सायकल कुठं गेली?"

"इकली, भाऊ. दिवसभर उन्हात ठेवून टायर फुटून राहिले होते. स्कूटरच्या स्टँडले तं छप्पर हाय."

"मले सांगाचं होतं."

"तुमाले कावून सांगू? तुमीच तं बोर्ड लिहिला."

मी हसलो. ताई हसल्या नाहीत.

तुमच्या ऑफिसात असं काही ठरवण्याआधी सायकलवाल्यांना कोणी विचारतं का? आम्ही विचारलं नव्हतं. आता विचारायला सायकलवालंच कोणी उरलं नाही.