इंदूच्या ओटीतली तोटी

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी टँकरपुढं हंडा लावून उभा होतो. त्याचा मुलगा निखिल म्हणाला, "काका, पप्पा गेले..." मागून एक बाई ओरडली, "बाबा, बोलत बसायचं तर हंडा सरकवा!" मी हंडा भरून घेतला. पाणी सोडून रडायला जायची सोय आमच्याकडं नाही. घरी येऊन रडलो.

पेपरात त्याचा मोठा फोटो आला. पाइपलाइनच्या धंद्यातला मोठा माणूस, गावोगाव पाणी नेणारा, असं लिहिलं होतं. खोटं नाही ते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आम्ही दोघं हेल्पर म्हणून बरोबरच लागलो. मी वेल्डर झालो आणि तिथंच थांबलो. तो ठेकेदार झाला, मग शेठ झाला, आणि मला त्यानं आपल्याकडं ओढून घेतलं. काम चोख. नव्या लाइनीत पहिलं पाणी सोडलं की कडक इस्त्रीतला हा माणूस मातीत गुडघे टेकून पाइपाला कान लावायचा. पाण्याच्या आधी हवा पळते, तिचा आवाज आला की हात वर करायचा. मगच नारळ फुटायचा. पुढं साहेब लोक हाताखाली आले, तरी कान दुसऱ्याला लावू दिला नाही. मन मात्र दगडाचं. उभ्या कांद्यातून चर खोदायचा. बायका तळतळाट द्यायच्या आणि हा घड्याळ बघायचा.

धरणाकडून शहराला जाणारी मोठी लाइन माझ्याच बांधावरून गेली. जॉइंट मीच मारले. नारळाच्या दिवशी माझी बायको इंदू हळदकुंकू घेऊन आली. पाइपाला कुंकू लावून म्हणाली, "भाऊजी, एवढं पाणी माझ्या दारावरून पळवताय, मला एक नळ द्या ना. हंडे वाहून टाळूचे केस गेले माझे." सगळे हसले, भास्करही हसला. गाडीतून नवी पितळी तोटी काढून त्यानं तिच्या ओटीत घातली. "वहिनी, दिवाळीच्या आत बसवतो. भास्करचा शब्द हे."

इंदूनं ती खिळ्याला टांगली. दर दिवाळीला चिंचेनं घासायची. मी विषय काढला की भास्कर म्हणायचा, "येड्या, मोठ्या लाइनीला असं भोक पाडता येत नाय." खरं होतं. पण गंगापूर रोडच्या त्याच्या बंगल्यात कारंजं उडत होतं. मग शब्द कशाला दिलास, विचारलं एकदा. म्हणाला, "बाईची ओटी रिकामी कशी पाठवायची?"

इंदू विहिरीच्या वाटेवर दुसऱ्या खेपेला पडली, ती उठलीच नाही. भास्कर भेटायला आला. बसल्यावर पाणी मागितलं. पहिल्या खेपेचा हंडा घरात भरलेला होता, त्यातून तांब्या दिला. घोट घेऊन म्हणाला, "गार हे." मी म्हणालो, "इंदूनं आणलेलं शेवटचं हे. पी." तांब्या ना खाली जाईना, ना तोंडाला... मग डोळे मिटून त्यानं सगळा रिकामा केला. परत आमच्या दारात आला नाही.

परवा निखिल आला. ऑफिसात वडिलांच्या आठवणींची खोली करतोय. त्यांचे फोटो, हत्यारं ठेवणार. म्हणाला, "काका, ती तोटी द्या. पप्पा शेवटी शेवटी तिचंच विचारायचे. इंदूवहिनीची तोटी बसवली का, म्हणून."

"मग तू काय सांगायचास?"

"बसवली म्हणायचो. त्यांना बरं वाटायचं."

म्हणजे भास्कर निवांत गेला. इंदूला तेवढंही मिळालं नाही. मी म्हणालो, "आधी तिच्यातून पाणी काढून दाखव, मग ने." निखिल चहा न घेताच गेला.

तोटी खिळ्यालाच आहे. काल चिंच लावून घासली. चावी अजून नव्यासारखी फिरते. फिरवली, आणि भास्कर लावायचा तसा कान लावला...

हवासुद्धा नाही.