कोपऱ्यातलं नाव

"हात मागे घे. नखांत रंग दिसतोय. लोकांना वाटेल तूच काढलंस."

वहिनी मुद्दाम मराठीत बोलल्या, प्रदर्शनातल्या आमच्या स्टॉलसमोरच्या गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. मी हात मागे घेतले. त्या बाईने विचारलं, हे कुणी काढलं? वहिनी हसल्या, तिकडच्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाल्या, "माय वर्क. शी इज ओन्ली माय मेड, लाह."

मेड कळायला इंग्रजी शिकावं लागत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. साहेबांचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, ऑफिस सिंगापुरात तांजोंग पगारला, फ्लॅट बिशानला. मला डहाणूकडच्या पाड्यावरून स्वयंपाक-धुण्याला आणलेलं. मी वारली. दुपारी भांडी आवरली की वहिनी कापड पसरून द्यायच्या. मी चित्र काढायची. सही त्या ठोकायच्या. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तुमच्यात नाव घालायची पद्धतच नाही ना?"

खरंच नाही. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, सवाशिणी मिळून काढतात, गाणी म्हणत. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवायची, नवा चौक काढायचा. तिथे नाव कुणाचं घालणार? आमची ही रीत वहिनींच्या चांगलीच पथ्यावर पडली.

त्या हस्तकलेच्या प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर मेक्सिकोची एक बाई होती. नाहुआ जमातीची, डोंगरातली. झाडाची साल कुटून केलेल्या कागदावर पक्षी, हरणं, लग्नाची वरात रंगवायची. माझ्यासारखीच सावळी, बुटकी, टाचांना भेगा. पण ती खुर्चीवर, आणि लोक वाकून बघतायत. फोटो काढतायत. वहिनीसुद्धा तिच्यापुढे हात जोडून आल्या.

माझा नुसता जळफळाट. काय एवढं मोठं काढते ही? माझं हरीण हिच्या हरणापेक्षा चपळ पळतं. मग हिलाच का खुर्ची? राग वहिनींचा यायला हवा होता. पण मी जळत होते तिच्यावर. तिच्या कागदांवर कुणीतरी चहा सांडावा, असंही मनात आलं.

तेवढ्यात तिने एक चित्र पुरं केलं. कोपऱ्यात सावकाश आपलं नाव लिहिलं.

तिच्यासोबतच्या दुभाषी मुलीला हिंदी येत होतं. मी तिला विचारायला लावलं, तुमच्यात नाव घालतात?

बाई म्हणाली, "आधी आम्ही मातीची भांडी रंगवायचो, त्यांवर कधी नाव घातलं नाही. ती आमच्याच घरात राहायची. हे कागद परक्या घरी जातात. मी नाव नाही लिहिलं, तर दुसरं कुणी आपलं लिहील."

कुणी कानाखाली वाजवावी तसं झालं मला.

वहिनींना त्या दिवशी मोठ्या चित्राची ऑर्डर मिळाली. घरी येताच त्यांनी कापड पसरलं.

मी म्हटलं, "काढते. पण खाली नाव माझं. मी लिहीन."

"डोक्यावर बसलीस का ग? तुझं परमिट आमच्या हातात आहे. उद्या विमानात बसवीन."

"बसवा."

बसवलं त्यांनी. घरी नवऱ्याने शिव्या घातल्या, चालून आलेली नोकरी लाथाडली म्हणून. खायचे हाल झाले. तेही सोसले.

त्या बाईचा हेवा मला आजही वाटतो. तो मी जाऊ देणार नाही. हेवा होता म्हणूनच तोंड उघडलं. पाड्यावरच्या भिंतीवर मी आजही सगळ्यांबरोबर काढते, बिननावाचं. पण परक्या घरी जाणारी एकही रेघ आता माझ्या नावाशिवाय जाणार नाही. ज्याला ते नाव खुपेल, त्याची भिंत कोरी राहू दे.