पोटरीतलं बारीक हाड
वितळत्या मेणाचा वास आला की आमच्या उमेळ्याच्या वाडीतली पंपाची खोली आठवते. मेडिकलच्या पहिल्या वर्षी सीनियरकडून मी हातापायांच्या खऱ्या हाडांची पेटी आणली, तर आईने दारातच अडवलं. "कुणाचं तरी माणूस आहे ते. प्रार्थना झाल्याशिवाय घरात नाही आणायचं." मग मी पेटी घेऊन तडक पंपाच्या खोलीत जाऊन बसले. पोटरीतलं बारीक हाड डावं की उजवं, एवढ्यावरून मी तोंडी परीक्षेत एकदा नापास झाले होते. आता चुकायचंच नाही, असं ठरवलं होतं. डोळे मिटून बोटं फिरवायची, गुळगुळीत भाग आतल्या बाजूला, खळगा मागे. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. केळींवरचं ऊन उतरल्यावर आई आली, पेटीशेजारी मेणबत्ती लावून तिने मृतांसाठीची प्रार्थना म्हटली आणि माझ्या हाताकडे बघत विचारलं, "डावं की उजवं?" "उजवं," मी डोळे मिटून म्हणाले. "बरं, मग या आता घरात, दोघंही." आजही मृतांच्या दिवशी दफनभूमीत आमच्या माणसांसाठी मेणबत्त्या लावून झाल्या की मी एक जास्तीची लावते, ज्याचं नाव मला कधीच कळलं नाही, पण ज्याचा उजवा पाय माझ्या बोटांना पाठ आहे, त्याच्यासाठी.