सिरोंच्याच्या वाळूतला फोटो

बाळांनो, मोठी लेन्स घ्यावी का, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. काल आजोबांची कॅमेऱ्याची बॅग उघडली, तसा बुरशीचा ओलसर वास आला आणि सिरोंच्याची ती दुपार आठवली. आजोबा गोदावरीवर पक्ष्यांचे फोटो काढायला गेले होते. मी आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे तुमची आत्याआजी, सोबत होतो. निघताना ती मला म्हणाली, "पाखरायचे एवढे फोटू काढते हा, पण माह्यासंगं याचा एकबी नाई. परवा मले दवाखान्यात भरती करून राह्यले. त्याच्याआधी एक काढ ना वयनी." आजोबांनी आपला जड कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. त्या लांब लेन्समधून आत्याआजीचं नुसतं नाक आणि कुंकू दिसायचं. "मागे सरक, अजून मागे," आजोबा सांगत राहिले. वाळूत पाय रुतत होते, मान भरून आली होती, आणि शेवटी टाचांना नदीचं पाणी लागलं. "काऊन वं, आता पल्याड तेलंगणात जाऊन काढतं का फोटू?" आत्याआजी ओरडली, आणि आजोबांनाही हसू आवरेना. मी पर्समधला माझा छोटा कॅमेरा काढला, जवळ गेले आणि दोघांना हसतानाच टिपलं. आत्याआजी दवाखान्यातून परतली नाही; आता आजोबाही नाहीत. कपाट आवरून मी थकले आहे, म्हणून थोडक्यात सांगते: कुणाचे फोटो काढायचेत ते आधी ठरवा, मग लेन्स घ्या. आजोबांच्या लेन्सच्या काचेत बुरशीचं जाळं पसरलं आहे. त्या दोघांचा फोटो माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर आहे.